माळावरचे गोड पाणी

चांगुणाबाईला थडी निंबोळी या गावी दिले ते नदी पाहून. मुलगा कसा आहे, शेत किती, घरात माणसे किती, हे तिच्या वडिलांनी नंतर विचारले. राणीसावरगावच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत त्यांची वस्ती होती. तिथल्या बायकांचा अर्धा जन्म पाण्याच्या वाटेवर जाई. वडील स्थळ पाहायला आले तेव्हा घराच्या मागच्या दारातून निघून ते घाटाच्या पहिल्या पायरीपर्यंत चालत गेले. अठरा पावले भरली. खाली उतरून ओंजळभर पाणी प्याले आणि वर येऊन म्हणाले, "माझी लेक दिली."

गोदावरीला या भागात सगळे गंगाच म्हणतात. तिच्या काठी चांगुणाबाई अकराव्या वर्षी आली. पाणी वाहण्याचे कष्ट तिला खरोखरच कधी पडले नाहीत. सकाळी कळशी घेऊन खाली उतरले, भरून वर आले, संपले. पहिल्या वर्षी ती माहेरी गेली की मैत्रिणींना हेच सांगत असे.

दुसऱ्या वर्षी तिला दुसरी गोष्ट कळली. घरापासून नदी अठरा पावलांवर असली, की नदीपासून घरही अठराच पावलांवर असते.

भादव्यात गंगा चढली की आधी घाट बुडायचा, मग मागचे दार, मग चूल. दर वर्षी नाही, पण दोन-तीन वर्षांनी एकदा ठरलेले. जाते दोघांनी उचलून माळवदावर, घराच्या मातीच्या धाब्यावर, न्यायचे, ज्वारीची कणगी रिकामी करून पोती वर चढवायची, वाकळी, भांडी, देवाचे ताम्हण, सगळे वर. पाणी उतरले की घरातला गाळ फावड्याने ओढायचा, भिंती लिंपायच्या आणि तेच सगळे परत खाली आणायचे. नवरा होता तोवर तो उचलायचा. तो गेल्यावर मुलगा बन्सीधर उचलू लागला. चांगुणाबाई दोन्ही वेळा खालून देत राहिली. उंबरठ्याच्या आत हातभर उंचीवर भिंतीला ओल कायमची होती. तिला वाटे, आपल्या गुडघ्यांतही तेवढीच ओल चढली असावी.

एकोणीसशे सत्तरच्या भादव्यात पाणी माळवदाला लागले. सून मालनबाईची मुलगी तेव्हा पंधरा दिवसांची होती. चांगुणाबाई तिला टोपलीत घेऊन दीड दिवस माळवदावर बसली होती, वरून घोंगडी आणि खालून पाणी. पश्चिमेची भिंत बसली तेव्हा सगळे माळवद हलले. पोर वाचली, घर वाचले. पण त्यानंतर पाऊस लागला की चांगुणाबाई झोपेतून उठून हाताने जमीन चाचपू लागली. कोरडी असली तरी पुन्हा झोप लागत नसे.

या पुरानंतर गाव माळावर हलवायचे असे सरकारात ठरले. माळ गावापासून दीड मैल वर. तिथे पूर जाणे शक्य नव्हते आणि पाणी मिळणेही अवघड होते. पाण्याची सोय झाल्याशिवाय गावठाण मंजूर होणार नव्हते. मग बहात्तरचा दुष्काळ आला. गंगेच्या पात्रात वाळू उकरून झिऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरायची वेळ आली. लोकांच्या हाताला काम म्हणून माळावर विहीर खोदायला घेतली आणि दुसऱ्या वर्षीच्या चैत्रात सात परसांवर, म्हणजे सात पुरुष खोलीवर, झरा लागला.

सगळे गाव काठावर जमले. पहिला पोहरा वर आला तो गढूळ. तो निवळेपर्यंत सगळे बसून राहिले. मग मुकादम म्हणाला, "कोण पिऊन बघतं?"

चांगुणाबाईची शेजारीण सरजाबाई पुढे झाली. तिचे तोंड गावात सगळ्यात मोठे. "चांगुणाला द्या की! ती माळाची लेक हाय. आमाला गंगेबिगर दुसऱ्या पान्याची चव काय ठावं? आमी बेडकं हाव, बेडकं."

लोक हसले. चांगुणाबाईच्या हातात तांब्या आला. तिने घोट घेतला. पाणी थोडे जड होते, दगडाची चव असलेले, दातांच्या मागे गार लागणारे. ही चव तिच्या जिभेवर चाळीस वर्षांत आली नव्हती. आईने डोक्यावरची घागर उतरवून सगळ्यात आधी लेकीच्या ओंजळीत धरलेली धार तिला आठवली. तिचे डोळे भरून आले.

"गोड हाय," ती म्हणाली. "लय गोड हाय."

मग सगळे प्याले आणि सगळ्यांनाच ते गोड लागले. त्या वर्षी कोणतेही पाणी गोड लागले असते. एक बाटली तपासणीलाही गेली आणि पिण्यास योग्य असा शेरा येऊन पडला. भगवानराव गुरुजींनी तो चावडीवर वाचून दाखवला. गुरुजी गावच्या शाळेत शिक्षक होते, खालच्या आळीतल्या बौद्ध घरांपैकी एका घरातले. सरकारी कागद आला की वाचायचे काम त्यांच्याकडे असे. पण गावाला कागदापेक्षा चांगुणाबाईच्या शब्दाचा आधार मोठा वाटला. माळाच्या लेकीनं गोड म्हटलंय, असे लोक एकमेकांना सांगू लागले. विहिरीभोवती चुन्याने रेघा मारून प्लॉट पाडले गेले.

पाऊस परत आला, गंगा वाहू लागली, तसे काही जण कच खाऊ लागले. वर पैठणला धरण होतंय, आता पूर कुठला येतो, असे ते म्हणत. बन्सीधर मात्र पक्का होता. त्याने दोन वर्षे खपून माळावर दोन खोल्या उभ्या केल्या. जुन्या घराचे पुढचे माळवद उतरवून त्याचे सर, म्हणजे लाकडी तुळया, वर नेले. मागची खोली तेवढी तशीच राहिली.

मालनचे मन मात्र होत नव्हते. एकदा घाटावर धुणे आपटता आपटता ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, हिरीवर काय सुख हाय? पोहरा सोडा, वढा, बाजूला व्हा. मागं नंबर लागलेला. गंगेवर बसता येतं."

"बसून काय करायचंय तुला?"

"काय न्हाई. बसायचं."

मालन म्हणत होती ते खोटे नव्हते. नांदायला आलेल्या पोरी याच पायऱ्यांवर पाण्याकडे तोंड करून रडत. कुणाकडे काय झाले ते इथेच कळे. म्हशी डुंबत, माणसे नाही म्हटले तरी पाण्यात पाय सोडून तास घालवत आणि घरी जाऊन काम होते म्हणून सांगत. हे सगळे चांगुणाबाईनेही केले होते. पण ती आता दमली होती. तिला बसायला नको होते, कोरड्या जमिनीवर आडवे व्हायचे होते. आणि आपली नातवंडे पुन्हा टोपलीतून माळवदावर चढवायची नव्हती. एवढी एकच गोष्ट तिला उरलेल्या आयुष्यात हवी होती.

पंचाहत्तरच्या अक्षय तृतीयेला घरभरणी ठरली. माळावरचे पहिले भरले घर हेच, म्हणून सगळ्या गावाला पुरणपोळीचे आवतण गेले. चुडाव्याहून मालनचे वडील रंगनाथ आदल्या दिवशीच येऊन बसले होते. उजाडताना तीन दगडांवर मोठे तपेले चढले आणि त्यात विहिरीच्या पाण्यात हरभऱ्याची डाळ पडली.

ऊन वर आले. डाळ उकळत होती. कणिक मळून झाली, गूळ चिरून झाला, पाटे धुऊन ठेवले. डाळ उकळतच होती. सरजाबाईने पळीवर चार दाणे काढले आणि एक बोटांत दाबला. तो निसटून तिच्या पायावर पडला.

"चांगुणा, ही डाळ हाय का गोट्या?"

"जाळ कमी पडायलाय. घाला अजून."

लाकडे घातली. वळचणीला रचलेला ढीग दुपारपर्यंत अर्धा झाला. माणसे येऊन सावलीला बसली, एक विडा खाऊन झाला, दुसरा झाला. आत काय चालले आहे ते बाहेर कळायला वेळ लागला नाही. रंगनाथ मोठ्याने म्हणाले, "विहीणबाई, आमच्या चुडाव्याला एवढ्या वेळात गाडी पूर्णेला जाऊन परत येती!"

बाहेर हशा झाला. बायकांपैकी कुणी म्हणाले डाळ जुनी असेल, कुणी म्हणाले नजर लागली. चांगुणाबाईने तपेल्याजवळ उकिडवे बसून एक दाणा तोंडात टाकला. दाताखाली तो कचकन मोडला आणि तिच्या हातातली पळी तशीच राहिली.

तिच्या माहेरी सणाला पुरण होत नसे. पोळ्याला नाही, होळीला नाही. गव्हाची खीर होई. वरणाची डाळही कधी एकजीव झालेली तिने तिथे पाहिली नव्हती, वर पाणी आणि खाली दाणे असेच वरण असे. आपल्याकडे पद्धतच तशी, असे ती लहानपणी समजून चालली होती आणि गंगेकाठी आल्यावर इथली पद्धत वेगळी, असे समजून पुरण करायला शिकली होती. त्या पाण्यात डाळ शिजतच नसे, हे तिला आज, पन्नाशी उलटल्यावर, दोनशे माणसे जेवायला बसवून ठेवल्यावर कळले.

"उतरवा ते," ती म्हणाली. "न्हाई शिजायचं. सांज झाली तरी न्हाई शिजायचं."

"मग मानसांनी खायाचं काय?" सरजाबाईने विचारले.

"बेसन कालवा."

घरभरणीला पिठले वाढले गेले, भाकरी, कांदा आणि गुळाचा खडा. लोक जेवले, पोटभर जेवले आणि जाताना हसत गेले. आठ दिवसांत ही गोष्ट पिंगळीच्या बाजारापर्यंत पोचली.

त्या उन्हाळ्यात आणखी पंधरा-वीस घरे माळावर आली. सर उतरवलेले, भिंती उभ्या झालेल्या, त्यांना मागे फिरणे सोपे नव्हते. पण प्रत्येक घरी तेच झाले. विहिरीच्या पाण्याने तहान भागे, भाकरी होई, धुणे जेमतेम होई, साबणाला फेस येत नसे. डाळ मात्र शिजत नसे. बायका डाळीपुरती एक घागर गंगेची म्हणून दीड मैल उतरू लागल्या. एवढे उतरल्यावर धुणेही नेऊ लागल्या. धुणे नेल्यावर बसूही लागल्या. परत येताना उन्हातून चढ, डोक्यावर दोन भांडी आणि तोंडात चांगुणाबाईचे नाव.

"तुझ्या जबानीवर उठलाव आमी," सरजाबाई भर वाटेवर ऐकवी. "जिभेला काय झालतं तुझ्या त्या दिवशी?"

चांगुणाबाईने आईची एक युक्ती आठवून काढली. आघाडा जाळायचा, राख पाण्यात भिजवायची, वरची निवळ काढून डाळीत घालायची. तिने ती केली. डाळ शिजली. तिने स्वतः घरोघर जाऊन वाटी दिली. मोठ्यांनी तोंड वाकडे करून खाल्ली. तिच्या त्याच नातीने, जी टोपलीत वाचली होती, एक घास घेऊन ताट सरकवले. "आजी, साबन लागतं."

रोहिण्या सरता सरता लोक खाली जाऊ लागले. कुणी सांगून गेले नाही. आधी चूल गेली, मग म्हैस, मग माणसे. माळावरच्या घरांना कड्या लागल्या.

एका दुपारी चांगुणाबाई भगवानराव गुरुजींच्या ओसरीला जाऊन बसली. बौद्ध आळीतली नऊच्या नऊ घरे माळावर आली होती आणि त्यांतले एकही परत गेले नव्हते.

"गुर्जी, एक कागद लिवून द्या मला. सरकारला. लिवा की पानी गोड हाय असं मी म्हनले, ते माझं चुकलं. मला माहेराची चव लागली अन मी गावाला फसविलं."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "काकू, पाणी खराब नाही. जड आहे. तुमी खोटं कुठं बोललात? तुमाला गोड लागलं."

"माझ्या एकटीला लागून काय उपेग?"

"एकटीला कसं?" गुरुजी म्हणाले. "खाली आमचा पाणवठा कुठं होता, ठावं हाय ना? सगळ्यांच्या खाली. वर म्हशी धुवायच्या, धुणी व्हायची, ते सगळं आमच्या घागरीत यायचं. हितं एकच विहीर हाय अन पोहरा एकच. आमच्या घरी राखेची डाळ खातेत, पण कुणी खाली जाऊ म्हणंना. डाळीचं काय, शिजंल कधी तरी."

चांगुणाबाईने मान हलवली. चाळीस वर्षे ती त्याच घाटावर धुणे धूत आली होती. खाली कोण भरतेय ते तिने कधी मान वळवून पाहिले नव्हते. "मग कागद ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि उठली.

मृग बरसल्यावर बन्सीधरही थकला. दिवसभर शेत, सांजेला बैलगाडीत पिंप घालून गंगेचे पाणी. बैलही चढाला मुकाट बसू लागले. मालनला पुन्हा दिवस गेले होते. एके दिवशी जेवताना त्याने ताटाकडे पाहत म्हटले, "माय, मागची खोली हाय तशी हाय. पावसाळाभर तिथंच ऱ्हाऊ म्हणतो."

"पावसाळाभर? पावसाळ्यासाठीच तर वर आलाव आपुन!"

"तुला एकटीला ठेवून न्हाई जात. चल तूबी."

"मी न्हाई येत."

"लोक काय म्हणतील? म्हातारीला माळावर टाकली म्हणतील."

"पिठलं खाऊन हासले ते लोक. अजून काय म्हनायचं ऱ्हायलंय?"

बन्सीधर चिडून उठला. मालन मागे थांबली आणि ताटे गोळा करू लागली. चांगुणाबाई तिला म्हणाली, "पोरी, तुझं खरं हाय. तुला चढ-उतार व्हायचा न्हाई आता. जा खाली. मी तुला अडवीत न्हाई. पर एक ऐक. लेकरं दिवसभर तुझी. दिवा लागायच्या आत माझ्याकडं धाडायची. सकाळी न्याहारीला परत घे. जेवू तू घाल, झोपवीन मी."

"रोज?"

"रोज. पानी रातचं चढतंय."

मालनने गोळा केलेली ताटे उचलली. मग म्हणाली, "धाडते, आत्याबाई."

आषाढ लागल्यापासून रोज दिवेलागणीच्या आधी बन्सीधरची दोन्ही पोरे चढ चढून येऊ लागली. जेवून आलेली असत. चांगुणाबाई अंथरूण घालून ठेवी. श्रावणात शेजारची तीन आली. कुणी विचारले नाही, तिनेही विचारले नाही. नागपंचमीनंतर खोली भरली तेव्हा तिने बाहेरची पडवी सारवून घेतली. सकाळी पोरे खाली पळत, मग ती वाकळी झटके, घड्या घाली, पाणी ओढी, झाडून काढी. सांज झाली की पुन्हा अंथरी. कंबर धरायची. खाली राहिली असती तर भादव्यातच एकदा सामान वर न्यावे लागले असते, इथे रोजच ते काम होते. कधी कधी तिला वाटे, आपण मुक्काम बदलला, ओझे काही बदलले नाही. विहिरीचे पाणी तेवढे ती तांब्या भरून आवडीने पिई.

भादव्यात चार दिवस झड लागली आणि गंगा चढली. घाट बुडत बुडत वरच्या तीन पायऱ्या उरल्या. त्या सांजेला पोरांच्या मागून बायकाही आल्या. मालन अवघडलेली बैलगाडीत बसून आली. बन्सीधर आणि बाकीचे पुरुष गुरे सोडून माळावरच्या नव्या शाळेच्या ओट्यावर बसले. भगवानराव गुरुजींच्या घरी कंदील लागला आणि बौद्ध आळीतल्या घरांच्या पडव्याही भरल्या. गावातल्या बायका त्या पडव्यांत आधी अंग चोरून बसल्या, मग पावसाचा जोर वाढला तशा नीट बसल्या.

सगळ्यात शेवटी सरजाबाई आली. डोक्यावर पोते, काखेत वाकळ, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. दारात उभी राहिली, आत यायची हिंमत होईना.

"कुठं टाकू?" तिने भिंतीकडे बघत विचारले.

"सासऱ्याच्या घरी आल्यागत काय हुभी ऱ्हायलीस? टाक की हितं, माझ्या कडंला."

सरजाबाईने वाकळ टाकली आणि बसली. तिने हाताने जमीन चाचपली. मग ती म्हणाली, "जिमीन कोरडी हाय गं तुझी."

"व्हय."

"पानी प्यायला दे."

चांगुणाबाईने तांब्या दिला. सरजाबाई प्याली, तोंड पुसले आणि चवीबद्दल अक्षर न बोलता आडवी झाली. थोड्या वेळाने ती घोरू लागली. त्या गर्दीत, पोरांच्या पायांमध्ये, चांगुणाबाईलाही झोप लागली. जमीन चाचपायला ती उठली नाही.

सकाळी पाऊस उघडला होता. पुरुष खाली जाऊन पाहून आले. पाणी घरात शिरले नव्हते, वरच्या पायरीला लागून उतरले होते. "उगंच धावपळ केली," असे कुणी तरी म्हणाले आणि कुणी तरी पैठणच्या धरणाचे नाव काढले. उन्हे येईतो माळ रिकामा झाला. बायका पोरांना हाका मारत उतरणीला लागल्या. गंगेवर गाळ आला असेल, लाकडे वाहून आली असतील, ती बघायची घाई होती.

सरजाबाई पोते डोक्यावर घेऊन निघाली.

"अगं, वाकळ ऱ्हायली तुझी," चांगुणाबाईने हाक मारली.

"ऱ्हाऊ दे हितंच," सरजाबाई मागे न बघता म्हणाली. "रोज कोन वाहील?"

चांगुणाबाईने ती वाकळ उचलली. तिला खालच्या घरांतल्या ओलीचा वास येत होता. तिने ती अंगणात दोरीवर टाकली, कंबरेवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली आणि बाकीच्या वाकळी आणायला आत गेली.